दवाखाना रोडचा तांब्या

रस्त्याच्या खात्यात नोकरी केलेल्या माणसाजवळ दोन गोष्टी हमखास साठतात. बुटाला चिकटलेलं डांबर आणि किस्से. डांबर रॉकेलनं निघतं. किस्से काही केल्या निघत नाहीत!

परवा आमच्या गल्लीत कुणीतरी केबलसाठी रस्ता खोदला आणि संध्याकाळी चरात तीच माती ढकलून निघाले. मी फाटकातूनच ओरडलो, "अरे, मुरूम कुठाय? धुम्मस कुठाय?" त्यांच्यातला एकजण हसत म्हणाला, "काका, चालतंय. पब्लिक ॲडजस्ट करते." माझं डोकंच फिरलं. घरात येऊन सरळ गायकवाड मुकादमांना फोन लावला. दोघंही आता रिटायर, दोघांच्याही कानांची बोंब. तरी बराच वेळ बोलत बसलो आणि पोटभर हसलो.

आमची नगरपालिका परभणी जिल्ह्यातली. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले काहीजण अजून हयात आहेत आणि भांडखोरही आहेत. विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीचे ते दिवस. मी सोनपेठहून नवाच लागलेला ओव्हरसियर, गायकवाड रस्त्याच्या गँगचे मुकादम, आणि आमच्या दोघांच्या डोक्यावर इंजिनिअर वसमतकर साहेब. किडकिडीत अंग, जुनी सायकल आणि रोलरच्या घरघरीवरही ऐकू जाईल असा आवाज.

साहेबांचा जीव एका रस्त्यात अडकला होता. स्टेशनपासून सरकारी दवाखान्यापर्यंतचा दवाखाना रोड. तो त्यांनी स्वतः उभं राहून डांबरी करून घेतला होता. डांबर पुरतं थंड व्हायच्या आत टेलिफोनवाल्यांनी तो आडवा कापला! पुढं वीजवाले आले, मग आमचेच नळवाले. साहेब म्हणायचे, "मला दुसरं काही नको. रिटायर व्हायच्या आधी एकदा हा रस्ता सलग बघू द्या."

म्हणून त्यांनी कायदा केला. खोदायचं तर परवानगी घ्या. चर मुरमानं भरा, पाणी मारा, धुम्मसानं ठोकून घट्ट करा, वर खडी-डांबर. आणि तो पॅच साहेबांनी पास केल्याशिवाय पुढची परवानगी नाही. आमच्याकडची काळी माती म्हणजे महा लबाड. चरात तशीच लोटली तर पावसात फुगते, उन्हात आकसते आणि वरचं डांबर पोटात घेऊन बसते.

आता पास करायचं कसं, ते ऐका.

*

चुडाव्याकडचा एक शेतकरी बायकोला बाळंतपणासाठी बैलगाडीतून घेऊन आला. दवाखाना रोडवर टेलिफोनवाल्यांचा चर बसलेला होता. चाक त्यात गेलं, बाई किंचाळली. साहेब नेमके तिथंच उभे होते. त्यांनी आणि गायकवाडांनी चाकाला खांदा लावून गाडी वर काढली आणि दवाखान्यापर्यंत सोबत गेले.

बाईला आत नेलं. शेतकरी गाडीपाशी आला, आतला पितळी तांब्या उचलला आणि साहेबांसमोर उलटा धरला. एक थेंब पडला नाही.

"सायेब, ठेसनापाशी भरून घेतलावता. तुमच्या रस्त्यानं थेंब ठिवला न्हाई. मंग बाई कशी ऱ्हाईल वो?"

बाई सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली, शेतकरी हिवाळ्यात हुरडा घेऊनही आला. पण साहेबांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ते बाजारातून एक पितळी तांब्या घेऊन ऑफिसात आले आणि टेबलावर आदळून म्हणाले, "आजपासून हे आपलं यंत्र!"

तेव्हापासून पद्धत पडली. गफूरचाचांचा टांगा बोलवायचा. त्यांच्या घोडीचं नाव रानी. तांब्या काठोकाठ भरून टांग्याच्या बैठकीवर ठेवायचा, त्याला कुणी हात लावायचा नाही. टांगा दुडक्या चालीनं पॅचवरून न्यायचा. पाणी सांडलं तर नापास, चर उकरा आणि पुन्हा भरा. नाही सांडलं तर पास. आणि पास झालं की ते पाणी तिथंच सगळ्यांनी मिळून पिऊन टाकायचं, खोदणाऱ्यांनी आणि बुजवणाऱ्यांनी.

वरून एकदा मोठे साहेब तपासणीला आले होते. त्यांनी विचारलं, "वसमतकर, हे कुठल्या मॅन्युअलमध्ये आहे?"

साहेब म्हणाले, "चुडाव्याच्या!"

*

टेलिफोनचे लाइन इन्स्पेक्टर मुळे म्हणजे आमचा जुना शत्रू. गोल चेहरा, पांढरा शर्ट आणि तोंडात एकच शब्द. अर्जंट! त्यांचं प्रत्येक काम अर्जंट असे. ते शनिवारी संध्याकाळी रस्त्यावर चुन्याची रेघ मारत आणि रविवारी, आमचं ऑफिस बंद असताना, खोदून मोकळे होत. सोमवारी हात जोडून म्हणत, "साहेब, अर्जंट होतं!"

एका शनिवारी दवाखाना रोडवर रेघ दिसली. साहेबांनी ती पाहिली आणि आमच्या रोलरच्या ड्रायव्हरला कानात काहीतरी सांगितलं. रविवारी सकाळी मुळे गँग घेऊन आले, तर रेघेवर बरोब्बर रोलर उभा! ड्रायव्हर गायब. आणि रोलर सुरू करायचं लोखंडी हँडलही गायब.

"कुठं गेला तुमचा ड्रायव्हर?" मुळे गायकवाडांवर ओरडले.

"पिंगळीला गेलाय. साडूच्या पोरीचं लगीन हाय."

"आणि हँडल?"

"त्ये बी गेलंय लग्नाला."

मुळे रागारागानं स्टेशनवर गेले आणि मिळेल त्या गाडीनं पिंगळीला पोचले. आम्ही वाट बघत बसलो. दुपार टळली तेव्हा मुळे परत आले. कपाळाला गंध, डोक्यावर पाहुण्यांना बांधतात तो फेटा, हातात बुंदीचा पुडा.

"हँडल?" गायकवाडांनी विचारलं.

मुळे जागच्या जागी थबकले. पंगतीचा आग्रह, मग पानसुपारी, मग गाडीची वेळ. हँडल तिथंच मांडवात विसरून आले होते!

बुंदी आम्ही सगळ्यांनी रोलरच्या सावलीत बसून खाल्ली. त्या दिवशी रस्ता वाचला.

*

मुळ्यांच्या एका कंत्राटदाराला मात्र तांब्याची फार धास्ती. त्याचा पॅच दोनदा नापास झाला होता. मुरूम टाकायचा सोडून त्यानं वेगळीच युक्ती काढली. रानी पॅचवरून हळूहळू गेली तर पाणी सांडणार नाही, हे त्यानं हेरलं. रोज सकाळी गफूरचाचांचा टांगा तिथून जायचा, तेव्हा हा पॅचपाशी उभा राहून रानीला गूळ चारू लागला. मनात हिशेब असा, की गुळाच्या आशेनं घोडी इथं आली की भरभर पाय उचलायची नाही.

परीक्षेच्या दिवशी तांब्या भरला, टांगा निघाला. रानी झकास दुडक्या चालीनं आली आणि पॅचच्या मधोमध येऊन उभीच राहिली! गफूरचाचांनी लगाम हलवला, चुचकारलं, शिव्याही दिल्या. ढिम्म हलली नाही. मान वळवून तिनं गर्दीवर नजर फिरवली, कंत्राटदाराला शोधून काढलं आणि त्याच्या खिशात तोंड घातलं.

गफूरचाचा शरमेनं म्हणाले, "साब, मैं क्या करूं? जानवर है. झूट नै बोल्ती."

साहेबांनी तांब्याकडं पाहिलं. काठोकाठ भरलेला.

"तांब्या पास," ते म्हणाले. "पण घोडीनं साक्ष दिलीय. उकरा!"

*

परक्यांना कायदा दाखवणं सोपं. आपल्याच घरात दाखवायला छाती लागते. आमच्या नगराध्यक्षांच्या मेव्हण्याला नळ हवा होता आणि पाइप दवाखाना रोडच्या पलीकडून आणायचा होता. नगराध्यक्षांनी साहेबांना बोलावून घेतलं. आम्हाला वाटलं, आता साहेबांची बदली तरी होते नाहीतर कायदा तरी मोडतो.

साहेब शांतपणे म्हणाले, "खोदा ना! पण आपल्या घरचं काम आहे. परीक्षेला तांब्यासोबत टांग्यात आपणच बसावं. लोकांना चांगला मेसेज जाईल."

नगराध्यक्षांना मेसेज देण्याची भारी हौस. कडक इस्त्रीचा खादीचा पोशाख घालून ते बाजाराच्या दिवशी टांग्यात चढले. "असा बाजूला कशाला ठेवता? मी धरतो की!" म्हणत तांब्या स्वतःच मांडीवर घेतला. आमच्या नळवाल्यांनी अध्यक्षांचं माणूस म्हणून चर नुसत्या काळ्या मातीनं भरला होता. चाक आत गेलं, नगराध्यक्ष उडाले, आणि अख्खा तांब्या त्यांच्या धोतरावर, तोही नको त्या जागी!

भाजी विकायला बसलेली एक म्हातारी पदर तोंडाला लावून म्हणाली, "आगं बया! अध्यक्षालाच बाळंतपणाच्या कळा आल्या की!"

त्यानंतर नगराध्यक्षांनी कुणाच्याही नळाची शिफारस केली नाही.

*

आता हसू थोडं आवरा.

नामांतरावरून गावागावांत मनं फाटली होती. ऑफिसात कालपर्यंत एका डब्यात जेवणारी माणसं वेगवेगळी बसू लागली. गायकवाड भीमनगरात राहत. मोर्चाला जायचे ते साहेबांना सांगून जायचे आणि साहेब रजा द्यायचे, एक शब्द न विचारता. साहेब राजकारणावर कधी बोलत नसत. ते कुणाच्या बाजूचे आहेत, यावर आमची पैज लागायची.

त्याच दिवसांत वीजवाल्यांचा एक नवा सुपरवायझर बदलून आला होता. त्याचा पॅच पहिल्याच फेरीत पास झाला. गँगनं टाळ्या वाजवल्या. रिवाजाप्रमाणं गायकवाडांनी तांब्या उचलला, दोन घोट पाणी प्यायले आणि सुपरवायझरच्या पुढं धरला.

त्यानं हात मागं घेतला. "मला तहान नाही."

उन्हाळ्याचे दिवस, भर दुपारची वेळ! त्याचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. कुणाला काय कळायचं ते कळलं. गायकवाडांचा चेहरा पार उतरला. ते हळूच म्हणाले, "जाऊ द्या सायेब."

"जाऊ काय द्या?" साहेबांचा आवाज पार स्टेशनपर्यंत गेला असेल. "तांब्यात पाणी उरलंय. परीक्षा पुरी झाली न्हाई. तुमचा पॅच नापास!"

"पण पाणी तर सांडलं नाही!" सुपरवायझर म्हणाला.

"सांडलं न्हाई, आणि संपलंही न्हाई. तांब्या रिकामा व्हायलाच पायजे. न्हाईतर खोदा!"

सुपरवायझर उन्हात उभा राहिला. पॅचकडं पाहिलं, आपल्या दमलेल्या माणसांकडं पाहिलं. मग त्यानं गायकवाडांच्या हातून तांब्या घेतला आणि वर तोंड करून ओतायला लागला.

"वरून न्हाई," साहेब म्हणाले. "तोंड लावून!"

त्या दिवशी आमची पैज मिटली. पुढं तोच सुपरवायझर बदली होऊन जाताना गायकवाडांच्या घरी जेवून गेला, हेही सांगायला हवं.

*

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. गायकवाडांनी पेढे वाटले, पहिला साहेबांच्या तोंडात घातला. त्याच्या आगेमागेच साहेबांची निवृत्ती आली. गायकवाड म्हणायचे, "एका डोळ्यानं हसायलोय आन एका डोळ्यानं रडायलोय."

साहेबांना निवृत्तीची धास्ती होती, हे मी जवळून पाहिलंय. पत्नी आधीच वारलेल्या. मुलगा पुण्याला, तो "इकडंच या" म्हणून मागं लागलेला. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "जाऊन काय करू रे? तिथल्या रस्त्यांची न् माझी ओळख न्हाई." त्या माणसाला रस्त्याशिवाय दुसरं काहीच उरलं नव्हतं.

दवाखाना रोड त्या वर्षी सलग होता. आम्ही सगळ्यांनी डोळ्यांत तेल घालून जपला होता. मुळे स्वतः ऑफिसात येऊन सांगून गेले होते, "साहेब जाईपर्यंत माझं एकही काम अर्जंट नाही."

आणि निरोप समारंभ तोंडावर आलेला असताना नळाची मोठी लाइन फुटली! रस्त्याच्या मधोमध कारंजं. दवाखान्याचंच पाणी बंद झालं, खोदण्यावाचून इलाज नव्हता. साहेबांनी स्वतःच्या सहीनं परवानगी दिली आणि घरी निघून गेले.

मग जे झालं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. पाइप जोडला गेला, आणि चर बुजवायला आमच्या गँगसोबत वीजवाले आले, टेलिफोनवाले आले. मुळे पँट दुमडून मुरमात उभे! गायकवाड एकेका थरावर धुम्मस घालत होते आणि कुणी मदतीला आलं तर हात झटकत होते. मी पाणसळ लावून पाहिलं, दोरी लावून पाहिलं. एवढा चांगला पॅच आमच्या नगरपालिकेत कधी झाला नाही.

समारंभ झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. मुळे सगळ्यात लांबलचक बोलले. बाहेर गफूरचाचांचा टांगा उभा होता, रानीच्या गळ्यात झेंडूचा हार. बैठकीवर भरलेला तांब्या. साहेबांना दवाखाना रोडनं घरी सोडायचं, असं आम्ही ठरवलं होतं.

साहेब चढले. नेहमी तांब्याला हात लावू न देणारा माणूस, त्या दिवशी त्यांनी तो उचलून मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी धरला. आम्ही सगळे टांग्याच्या मागं चालत होतो.

पॅच आला. चाक त्यावरून असं गेलं की पॅच कुठं लागला न् कुठं संपला, कळलंसुद्धा नाही. आम्ही टाळ्या वाजवणार, तोच साहेबांच्या हातातला तांब्या कलला आणि धोतरावर पाणी सांडलं. बरंच सांडलं.

गफूरचाचांनी टांगा थांबवला. खाली उतरून चाक पाहिलं, रस्ता पाहिला, मग साहेबांकडं पाहिलं. "साब, गाडी तो हिली बी नै!"

साहेबांनी मान वर केली नाही. "नापास," ते म्हणाले. "उकरा आणि पुन्हा भरा. मी उद्या येतो बघायला."

टांगा निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखाना रोडवर पोचलो, तर गायकवाड मुकादम कुदळ घेऊन पॅचवर उभे होते आणि तो चांगला, घट्ट, रेघसुद्धा न दिसणारा पॅच स्वतःच्या हातानं फोडत होते. समोरून मुळे सायकलवर आले. जन्मभर रस्ते खोदलेला माणूस, सायकल टाकून धावतच आला.

"अहो गायकवाड! काय करायलात? चांगला रस्ता कामून खोदायलात?"

गायकवाडांनी कुदळ थांबवली नाही. "अर्जंट हाय," ते म्हणाले. "बाजूला व्हा, सायेब येतेत."

रस्त्याच्या त्या टोकाला रानीचे घुंगरू वाजत होते.